ग्रुपला मान्यता मागणार आहेस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचून खूप बरं वाटलं. बाळंतपणानंतर लघवी रोखता येत नाही, हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यावर काम करणाऱ्या फिजिओंचा असोसिएशनमध्ये वेगळा ग्रुप हवाच. पण अर्ज टाकायची घाई नको. मॅन्युअल थेरपीवाल्यांची, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्या फिजिओंची, आंतरराष्ट्रीय संघटना १९७४ ला झाली आणि जागतिक फिजिओथेरपी संघटनेची मान्यता तिला मिळाली १९७८ ला, म्हणजे माणसं आधी जमली, शिक्का नंतर. तूही आधी केस डिस्कशन सुरू कर, चार जिल्ह्यांतले लोक नियमित यायला लागू देत.

अर्जावर सह्या घेताना एक बघ, सही करणारा असोसिएशनचा चालू मेंबर आहे का. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली असेल तर मताचा हक्क नाही, त्यामुळे लांबलचक यादी दिलीस आणि त्यातले निम्मे थकबाकीदार निघाले तर विरोध करणाऱ्यांना आयतं कारण मिळतं.

आता ग्रुपच्या नियमांच्या तुझ्या ड्राफ्टमधलं जे मला खरंच खटकलं ते सांगते. मेंबर फक्त एमपीटी (फिजिओथेरपीतली मास्टर्स) झालेलेच, असं तू लिहिलंयस. का गं? तालुक्याच्या गावात या बायकांना पहिल्यांदा बघते ती बीपीटी, म्हणजे नुसती पदवी झालेली मुलगीच, तिलाच ट्रेनिंगची सगळ्यात जास्त गरज आणि तिलाच तू दाराबाहेर ठेवतेयस! शिकवायला कोण उभं राहणार याला पात्रतेची अट जरूर घाल, पण मेंबरशिप असोसिएशनच्या प्रत्येक मेंबरला खुली ठेव, नाहीतर हा ठरावीक लोकांचा क्लब होईल आणि मग मान्यता कशाला द्यायची हा प्रश्न रास्तच ठरेल.

पैशाचं अगदी साधं ठेव, वेगळं खातं नको, वर्कशॉपची फी कुणाच्याही पर्सनल जीपेवर नको, सगळं असोसिएशनच्या खात्यात आणि हिशेबात ग्रुपचं वेगळं हेड, म्हणजे ऑडिट आपोआप होतं. संयोजकाला कार्यकारिणीत पदसिद्ध जागा मागितलीयस तीही काढ. आपली संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणूनही नोंदलेली आहे, कार्यकारिणीतलं माणूस बदललं की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तुमचा संयोजक दर दोन वर्षांनी बदलणार, हे लचांड कशाला? बैठकीला निमंत्रित म्हणून बोलावणं पुरे आहे.

आणि मान्यता रद्द कशी होणार तेही तूच लिहून दे. सलग दोन वर्षं वार्षिक अहवाल नाही, निवडणूक नाही, तर मान्यता जाईल, पण आधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. हे कलम नसेल तर उद्या कुणाशी वाजलं की एका बैठकीत ग्रुप बंद करतील आणि तुझ्याकडे दाखवायला कागदच नसेल.

मान्यता नुसत्या कार्यकारिणीच्या ठरावावर घेऊ नकोस, पुढची कार्यकारिणी तो फिरवू शकते. नियमावलीतच दुरुस्ती हवी आणि ती आमसभेत. त्यासाठी विषय अजेंड्यावर छापून यायला हवा, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' मध्ये ढकलतात आणि तिथे नियमबदल घेता येत नाही. म्हणून नोटीस निघायच्या आधी सुधारलेला ड्राफ्ट मला पाठव, सेक्रेटरींना फोन करायचा असेल तर तोही मी करते.