वाचकांचे प्रश्न : चाचणी नेमके काय मोजते?

चाचण्या आणि मापनश्रेणी तयार करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. एम.एड., पीएच.डी. आणि कृतिसंशोधन करणाऱ्यांची पत्रे सर्वाधिक असल्याने उत्तरांत आकडेमोडही दिली आहे.

प्रश्न : सहावीसाठी दशांश अपूर्णांकांवर ३० बहुपर्यायी प्रश्नांची नैदानिक चाचणी (मुलांच्या चुकीच्या समजा शोधणारी) तयार केली आणि दोन तुकड्यांतल्या ७४ मुलांना दिली. कोणते प्रश्न ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे कसे ठरवावे?

सगळ्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के वेगळ्या काढा. ७४ मुलांत हे गट २०-२० चे होतात. २७ टक्क्यांची ही प्रथा ट्रुमन केली यांच्या १९३९ च्या मांडणीतून आली. मुले चाळीसच्या आत असतील तर सरळ वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन गट करा.

आता प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढा. दोन्ही गटांतली बरोबर उत्तरे भागिले ४० म्हणजे काठिण्यमूल्य. नावावरून उलट वाटते, पण हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून २० ने भागले की भेदनक्षमता मिळते, म्हणजे वरच्या आणि खालच्या गटांत प्रश्न किती फरक करतो ते. ती ०.४० किंवा जास्त असेल तर प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ असेल तर चांगला, ०.२० ते ०.२९ असेल तर दुरुस्त करण्याजोगा. त्याखाली असेल तर काढा किंवा नव्याने लिहा. मात्र २०-२० च्या गटात ०.२५ आणि ०.३० यांच्यात अवघ्या एका मुलाचा फरक असतो. सीमारेषेवरचे प्रश्न केवळ आकड्यावरून उडवू नका. भेदनक्षमता उणे आली तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेक वेळा सूचीत चूक असते किंवा दोन पर्याय बरोबर ठरत असतात.

यापुढचे काम अनेकजण सोडून देतात आणि नैदानिक चाचणीचा जीव तर त्यातच असतो. कोणता चुकीचा पर्याय किती मुलांनी निवडला, ते मोजा. समजा प्रश्न असा आहे : सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय ०.५, ०.४५, ०.४०५, ०.०५४. वरच्या गटात १५ जणांनी ०.५ निवडले, ४ जणांनी ०.४०५ आणि एकाने ०.४५. खालच्या गटात ५ जणांनी ०.५, १३ जणांनी ०.४०५ आणि दोघांनी ०.४५. काठिण्यमूल्य ०.५०, भेदनक्षमताही ०.५०. आकडे पाहून कोणीही हा प्रश्न ठेवील.

तरी तो सदोष आहे. ०.४०५ निवडणारी मुले दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात : ४०५ मोठे, ५ लहान. ती सापडली, हे चांगलेच. पण याच्या उलट समज असलेलीही मुले असतात. दशांश हा सहस्रांशापेक्षा मोठा, म्हणून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असे ती धरून चालतात. त्यांनी इथे ०.५ निवडले आणि पूर्ण गुण मिळवले. चूक समजच बरोबर उत्तराकडे घेऊन गेली! म्हणून संख्या बदला : ०.३, ०.४५, ०.४०५. आता पहिली समज असलेले मूल ०.४०५ वर जाईल, दुसरी समज असलेले ०.३ वर, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे ते ०.४५ वर. ०.०५४ कोणीच निवडला नव्हता; तो काढून तीनच पर्याय ठेवले तरी काही बिघडत नाही. चौथा पर्याय केवळ प्रथा म्हणून भरू नये.

एका समजेसाठी किमान चार प्रश्न हवेत. तीन पर्यायांत अंदाजाने तीनातला एक लागतोच, त्यामुळे एकाच उत्तरावरून निदान करता येत नाही. चारपैकी तीन प्रश्नांत मूल त्याच सापळ्यात अडकले, तरच ती समज त्याच्यात आहे असे धरा. प्रश्न काढून झाल्यावर संविधान तक्ता (कोणत्या घटकावर किती प्रश्न, याचा आराखडा) पुन्हा समोर घ्या. स्थानिक किंमत, तुलना, बेरीज-वजाबाकी, मापनातला वापर यांपैकी एखादा रकाना रिकामा पडला असेल, तर उरलेले प्रश्न कितीही सरस असले तरी चाचणी अपुरी आहे.

प्रश्न : नववीच्या विद्यार्थ्यांची गणिताविषयीची अभिवृत्ती मोजण्यासाठी ६० विधानांची पंचबिंदू श्रेणी (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय) केली. क्रॉनबाख अल्फा ०.९४ आला. एवढ्यावर श्रेणी सप्रमाण आहे, म्हणजे जे मोजायचे तेच मोजते, असे प्रबंधात लिहिता येईल का?

नाही. अल्फा अंतर्गत सुसंगतीचा, म्हणजे विश्वसनीयतेच्या (गुण किती भरवशाचे, याच्या) एका बाजूचा आकडा आहे. विधाने एकमेकांशी मिळतीजुळती उत्तरे मिळवतात, एवढेच तो सांगतो. ती उत्तरे कशाविषयी आहेत, हे त्यात येत नाही.

शिवाय विधानांची संख्या वाढवली की अल्फा वाढतोच. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात, ते सांगणारा –१ ते १ मधला आकडा) फक्त ०.२० धरा. १० विधानांना अल्फा येतो ०.७१ आणि ६० विधानांना ०.९४. विधाने तितकीच सैल बांधलेली आहेत, केवळ संख्या वाढली. आवड, भीती आणि उपयुक्तता अशा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या असल्या तरी एवढ्या लांब श्रेणीत त्याचा पत्ता लागत नाही. त्याउलट एकच विधान पाच प्रकारे फिरवून लिहिले तरी अल्फा फुगतो.

सहा-आठ विद्यार्थ्यांना एकेकटे बसवा, प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि ‘तुला काय समजलं? हा पर्याय का निवडलास?’ एवढेच विचारा. ‘मला गणित आवडते आणि सोपे जाते’ यात दोन प्रश्न आहेत. ज्याला आवडते पण जड जाते, त्याने कुठे खूण करायची? ‘गणिताच्या तासाला मला भीती वाटत नाही असे नाही’ यावर मुले ‘असहमत’ म्हणतात तेव्हा अनेकांना नेमके उलटे म्हणायचे असते. असली विधाने कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधीच गळाली पाहिजेत.

नंतर नकारात्मक विधानांचे गुण उलटे केले आहेत ना, ते तपासा. अल्फा अनपेक्षितपणे कमी येतो तेव्हा पहिला संशय यावरच घ्यावा. प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध काढा, तो ०.३० च्या खाली असेल तर विधान बारकाईने वाचा आणि बहुधा काढा. घटक विश्लेषणासाठी (कोणती विधाने एका गटात जमतात, ते शोधण्यासाठी) दर विधानामागे पाच ते दहा विद्यार्थी घेण्याचा रिवाज आहे. ६० विधाने आणि १५० मुले असतील तर आलेले घटक पुढच्या शाळेत टिकतील याची खात्री नसते. आमचा सल्ला : विधाने २०-२५ वर आणा, किमान ३०० विद्यार्थी घ्या आणि घटकांची रचना दुसऱ्या गटावर पुन्हा पडताळा.

सप्रमाणतेचा पुरावा यानंतर सुरू होतो. काय दिसायला हवे ते आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवा. भीतीचे गुण जास्त तिथे गणिताचे गुण कमी, असा मध्यम प्रतीचा ऋण सहसंबंध अपेक्षित आहे. सर्वसाधारण परीक्षाचिंतेशी धन सहसंबंध येईल, पण तो ०.९० पर्यंत गेला तर तुम्ही गणिताची भीती मोजलेलीच नाही, परीक्षेची मोजली आहे. एक गोष्ट मनापासून सांगतो : ‘श्रेणी सप्रमाण आहे’ असे वाक्य प्रबंधात लिहूच नका. कोणत्या विद्यार्थ्यांसाठी, कोणत्या वापरासाठी आणि कोणत्या पुराव्यावर, ते लिहा.

प्रश्न : ४० गुणांच्या चाचणीत १६ च्या खाली गुण असलेल्या मुलांना पूरक वर्गात घालायचे ठरले आहे. १५ गुणांच्या मुलाचे पालक आक्षेप घेत आहेत. काय सांगावे?

पालकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण त्यात तथ्य आहे. प्रत्येक प्रश्नाला एक गुण असेल तर विश्वसनीयता काढण्यासाठी कूडर-रिचर्डसनचे १९३७ चे विसाव्या क्रमांकाचे सूत्र वापरा. प्रत्येक प्रश्नासाठी बरोबर आणि चूक उत्तरांच्या प्रमाणांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज घ्या. समजा ती ८ आली आणि एकूण गुणांचे प्रचरण (गुण किती पसरले आहेत, त्याचे माप) ३६ आहे. ८ भागिले ३६ म्हणजे ०.२२; १ मधून वजा केले की ०.७८, त्याला ४०/३९ ने गुणले की विश्वसनीयता ०.८०. प्रचरणाचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन ६ आहे, त्याला (१ – ०.८०) च्या वर्गमुळाने गुणले की मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण योगायोगाने साधारण किती वरखाली होऊ शकतात ते, मिळते : सुमारे २.७ गुण.

म्हणजे १५ गुणांच्या मुलाची खरी पातळी साधारण १२ ते १८ यांच्यात कुठेही असू शकते. १५ आणि १७ यांच्यातली रेषा ही चाचणी ओढू शकत नाही. १३ ते १९ गुणांच्या सर्व मुलांना चार-पाच दिवसांनी दुसरी छोटी चाचणी द्या, वह्या पाहा आणि मगच ठरवा. ८ गुण मिळालेल्या मुलासाठी मात्र थांबू नका.

प्रश्न : दोन शिक्षकांनी तपासलेल्या ५० निबंधांच्या गुणांचा सहसंबंध ०.९५ आला. गुणदान विश्वसनीय मानायचे का?

आधी दोघांची सरासरी पाहा. एक शिक्षक प्रत्येक निबंधाला दुसऱ्यापेक्षा बरोबर दोन गुण जास्त देत असेल, तर सहसंबंध १ येतो, आणि १० पैकी गुणांत दोन गुणांचे अंतर तसेच राहते. किती निबंधांना तेच गुण मिळाले आणि किती एका गुणाच्या फरकात आहेत, ते मोजा. गुणांऐवजी अ, ब, क अशी श्रेणी देत असाल तर योगायोगाने होणारे एकमत वजा करणारा कोहेन यांचा कप्पा (kappa) हा निर्देशांक वापरा. फरक दिसला तर गुणदान योजनेत प्रत्येक पातळीचा एकेक नमुना निबंध जोडा. दोघांनी १० निबंध एकत्र बसून तपासावेत, फरकांवर बोलावे आणि उरलेले स्वतंत्रपणे तपासावेत.

प्रश्न : आशय सप्रमाणतेसाठी (जो आशय मोजायचा तो नीट आला आहे का, यासाठी) पाच तज्ज्ञांनी ‘योग्य’ म्हणून सही केली. पुरेसे आहे का?

सही पुरेशी नाही. प्रत्येक विधान ‘आवश्यक’, ‘उपयुक्त पण आवश्यक नाही’ की ‘अनावश्यक’, हे स्वतंत्रपणे विचारा आणि लॉशे यांच्या १९७५ च्या पद्धतीने गुणोत्तर काढा : ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि त्याच निम्म्या संख्येने भागा. १० पैकी ८ जणांनी ‘आवश्यक’ म्हटले तर ०.६० येते, दहा तज्ज्ञांसाठीची मर्यादा ०.६२ आहे, म्हणजे नऊ जण हवेत. पाच तज्ज्ञ असतील तर पाचांचे एकमत लागते. तज्ज्ञांत त्या इयत्तेला तो विषय रोज शिकवणारे निदान तीन शिक्षक घ्या. मुलांच्या वहीतल्या चुका त्यांना माहीत असतात.