आठ वर्षं जुनी कार्बन फ्रेमची रोड सायकल घ्यावी का? घेताना काय तपासायचं आणि नंतर ती कशी जपायची?

तुम्ही लिहिलंय की सायकल आठ वर्षं जुनी आहे, मालक ७०,००० रुपये मागतोय आणि "एकदाही पडलेली नाही" असं सांगतोय. कार्बन आतून फुटलेला असला तरी बाहेरून कळत नाही, हे कुठेतरी ऐकल्यापासून तुमची झोप उडाली आहे. ही भीती निम्मी खरी आहे. बहुतेक इजा सापडते, पण त्यासाठी सायकल उघडावी लागते. भिंतीला टेकवलेली सायकल बघून आणि सोसायटीत दोन चकरा मारून पैसे देऊ नका.

मी पुण्यात राहते आणि २०१८ पासून अशीच जुनी घेतलेली कार्बन सायकल चालवते. सिंहगड, बोपदेव, पसरणीचे चढ, शिवाय दर हिवाळ्यात दोन-तीन २०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड), सगळं तिच्यावरच. ती घेताना एक गोष्ट बघायची राहिली आणि घेतल्यावर एक चूक माझ्या हातून झाली. दोन्ही पुढे सांगते.

आधी वयाबद्दल. आठ वर्षं हा आकडा मनातून काढून टाका. अ‍ॅल्युमिनियमला वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी थकवा येतो. कार्बनचं तसं नाही, नीट बनवलेली आणि नीट वापरलेली फ्रेम फार वर्षं टिकते. अपवाद एकच, अगदी जुन्या पद्धतीच्या फ्रेम. ग्रेग लेमाँडने १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलवर, पण त्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. तशा फ्रेमचे चिकटवलेले सांधे काळाबरोबर सुटू शकतात. तुमची सायकल त्यातली नसणार. तेव्हा ती किती वर्षांची आहे यापेक्षा तिला कुठे मार बसला आणि कुठे कोणी जास्त आवळली, हे शोधायचं.

मार आणि आवळणं हेच दोन प्रश्न का, ते समजून घेतलं की कुठे बघायचं हे आपोआप कळतं. कार्बनचा एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. असे हजारो तंतू रेझिनमध्ये, म्हणजे नंतर टणक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून, वेगवेगळ्या दिशांनी थरावर थर रचून नळी तयार होते. पेडलवर जोर दिला, खड्डा आला, तर ज्या दिशेने ताण येणार त्या दिशेने तंतू टाकलेले असतात, त्यामुळे ती नळी तो ताण लीलया झेलते. पण नळीची जाडी मधल्या भागात काही ठिकाणी जेमतेम १ मिलिमीटर असते. तिच्यावर आडवा टोला बसला किंवा ती बाहेरून दाबली गेली, तर थर पापुद्र्यासारखे एकमेकांपासून सुटतात. स्टील वाकतं, अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो. कार्बन पुन्हा आपल्या जागी येतो आणि वर रंग शाबूत दिसतो. फसगत होते ती इथे.

आता बघायला जाल तेव्हा. दिवसाउजेडी जा. सोबत ओला फडका, कोरडा मऊ सुती फडका, मोबाइलचा टॉर्च, एक नाणं आणि अ‍ॅलन कीचा संच घ्या. जाण्याआधी फोनवरच दोन गोष्टी विचारा. फ्रेमचा साइज तुमच्या उंचीला बसतो का, आणि त्यात किती रुंद टायर मावतो? त्या काळातल्या बऱ्याच रोड फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या पुढे टायर जात नाही. आपल्या रस्त्यांवर २८ चा टायर फार सुखाचा, पण कसाबसा कोंबला तर पावसाळ्यात टायरला चिकटलेली माती आणि खडी फ्रेमच्या आतल्या बाजूला घासत राहते आणि कार्बन अक्षरशः किसला जातो. साइज बसत नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, बदलून थोडंफार जमवता येतं, पण चुकीच्या साइजवर पाठ आणि गुडघे जन्मभर कुरकुरतात.

तिथे पोचल्यावर सायकल आधी पुसून घ्या. धुळीखाली काहीही लपतं. मग मालकाला सांगा, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) पूर्ण बाहेर काढू. ही पहिली परीक्षा. सीटची कॉलर (सीटपोस्ट आवळून धरणारी कडी) जिथे आवळली जाते तिथे, सीट ट्यूबच्या (सीटपोस्ट जिच्यात बसते त्या नळीच्या) वरच्या तोंडाशी असलेल्या खाचेपासून खाली जाणारी बारीक चीर शोधा. ही जागा सगळ्यात जास्त छळली जाते, कारण सीट खाली सरकते म्हणून लोक पाना घेऊन आवळत सुटतात. नळीत टॉर्च टाकून आतून बघा, सुटलेला पापुद्रा किंवा उठलेले तंतू दिसतात का.

सीटपोस्ट निघतच नसेल तर? माझ्याकडून राहिलं ते नेमकं हेच. आधीच्या मालकाने सायकल जवळजवळ सगळी घरात, ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) चालवली होती. मला वाटलं, रस्त्यावर गेलीच नाही म्हणजे नवीच की! पण ट्रेनरवर तास-तास घाम गळतो, वारा नसतो, आणि तो खारा घाम हेडसेटमध्ये (हँडल जिथे वळतं तिथल्या बेअरिंगमध्ये) आणि सीटच्या कॉलरमध्ये मुरतो. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं, पांढरी पूड धरतं, फुगतं आणि पोस्ट आत जाम होते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या सायकलींनाही हाच त्रास होतो. एका मेकॅनिकने गॅसची ज्योत लावून काढू म्हटलं, मी नको म्हणाले. उष्णतेने रेझिन मऊ पडतं आणि मग फ्रेमच जाते. तीन दिवस गंज सोडवणारं तेल मुरवत, थोडं थोडं फिरवत पोस्ट शेवटी निघाली. हेडसेटच्या वरच्या बेअरिंगचा तर भुगा झाला होता. म्हणून "फक्त घरात चालवली" हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

दुसरी परीक्षा फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी भागाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बाकीची फ्रेम फुटली तर बहुतेक वेळा आधी आवाज येतो, सायकल लचकते, उतरायला वेळ मिळतो. फोर्कची वरची दांडी, जिला स्टीअरर म्हणतात, ती उतारावर तुटली तर हँडल हातात राहतं. स्टेम काढा, फोर्क खाली ओढून बाहेर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. स्टेमने जिथे धरलं होतं तिथे गोल वळ, चिरडल्याची खूण किंवा आडवी भेग आहे का ते बघा. स्टीअरर जिथे फोर्कच्या खांद्याला मिळतो तो भागही निरखा. आत एक्सपांडर नीट बसलेला असावा, कारण पोकळ कार्बन नळीला स्टेमच्या दाबाविरुद्ध आतून तोच आधार देतो. मालक फोर्क काढू देत नसेल तर नमस्कार करून परत या. ठाण्यात एक लाल सुंदर फ्रेम मी अशीच सोडली. आजही तिची हळहळ वाटत नाही.

मग उरलेली फ्रेम. समोरून धडक बसली असेल तर खूण हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे येणाऱ्या तिरक्या नळीच्या) खालच्या अंगाला सापडते. सायकल पडताना हँडल गर्रकन फिरून टॉप ट्यूबवर (वरच्या आडव्या नळीवर) आपटतं, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी हात फिरवा. चेन उतरून चाकाकडे किंवा बीबीकडे (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो ती जागा) अडकली असेल तर उजव्या चेनस्टेवर, म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, ओरखडे असतात. वरवरचे असतील तर चालतील, पण खोबणीत काळे तंतू उघडे पडले असतील तर थांबा. सुती फडका सगळ्या नळ्यांवरून हळूच ओढत न्या. तंतू तुटलेले असतील तिथे फडक्याचा धागा अडकतो. एखादी रेघ दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबा. रंगाची चीर असेल तर खालचा भाग टणक लागतो. दबल्यासारखं वाटलं, कर्र असा आवाज आला, की ती फ्रेमची चीर.

मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना, नाण्याची परीक्षा तशीच. नळीवर नाण्याने हलके टकटक करत पुढे सरका. चांगला कार्बन टणत्कार देतो, पापुद्रा सुटलेल्या जागी आवाज बद्द होतो. मात्र सांध्यांजवळ थर जाड असतात, तिथे आवाज बदलणारच. त्यामुळे डावी बाजू उजवीशी ताडून बघा. दोन्ही चेनस्टेंवर तीच जागा, तोच टकटका, आणि आवाज वेगळा आला तर काहीतरी आहे. नुसत्या आवाजावर मात्र भरवसा ठेवू नका, तो शंका दाखवतो, निकाल देत नाही.

फ्रेम नव्याने रंगवलेली असेल तर का रंगवली, हे तोंडावर विचारा आणि रंगाआधीचे फोटो मागा. रंग काढायची केमिकल रेझिनलाही खातात, आणि नव्या रंगाखाली जुनी दुरुस्तीही झाकता येते. दुरुस्ती वाईटच असं नाही, ती लपवणं वाईट. बीबीच्या खाली कोरलेला किंवा चिकटवलेला सीरियल नंबर टिपून घ्या, मूळ बिल मागा. नंबर खरवडलेला असेल तर ती चोरीची किंवा नकली असू शकते. आणि वॉरंटी गृहीत धरू नका. बहुतेक मोठ्या कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते.

चालवून बघताना उभं राहून जोर द्या. कुरकुर आली तर लगेच घाबरू नका. ती बहुतेक वेळा प्रेस-फिट (नुसत्या दाबाने बसवलेल्या) बीबीची किंवा कोरड्या सीटपोस्टची असते, आणि भाव पाडायला कामाला येते. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला अडकवणारा तुकडा, वाकलेला नाही ना ते बघा. तो मुद्दाम मऊ असतो, आपण मोडून फ्रेम वाचवतो. पण अशा जुन्या सायकलींत बहुतेक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर शोधून ठेवा. केबल, चेन, टायर, बेअरिंग यांचा खर्च तुमच्याच माथी येणार आहे, तो ७०,००० मधून वजा करूनच बोला.

आता जपणूक, आणि माझी चूक. बीआरएमच्या आदल्या रात्री सीट खाली सरकत होती. मी साध्या अ‍ॅलन कीने ताकद लावून आवळली. सकाळी कॉलरखाली नखाएवढी चीर. दोष सर्वस्वी माझा होता. कार्बनच्या सायकलीला टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) ही चैन नाही, पहिली खरेदी आहे. किती आवळायचं ते पार्टवरच छापलेलं असतं, सीटच्या कॉलरला आणि स्टेमला साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. सरकत असेल तर जास्त आवळायचं नाही, कार्बन पेस्ट लावायची. त्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी दाबात पकड येते. ग्रीस तिथे नको.

ती चीर दुरुस्त झाली, सहा वर्षं झाली, हलली नाही. खराब भाग उतरता घासून काढतात, त्यावर पायरीपायरीने नवे थर, तंतूंची दिशा सांभाळून, दाबाखाली पक्के करतात. नुसता एपॉक्सीचा लेप म्हणजे दुरुस्ती नव्हे. स्वतः घासायला बसू नका, ती धूळ छातीला वाईट. आणि फोर्क मी कधीच दुरुस्त करून वापरणार नाही. तो सरळ बदलते.

उडणाऱ्या खडीपासून रंग वाचवायला गाड्यांना लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म उत्तम. गाड्यांच्या दुकानात उरलेले तुकडे मागितले तर स्वस्तात देतात. डाउन ट्यूबची खालची बाजू, बीबीचं पोट, केबल घासते त्या जागा आणि उजवा चेनस्टे, एवढं झाकलं की पुरे. साबणाच्या पाण्यावर सरकवत लावा, पण आधी तपासून, कारण फिल्मखाली गेलेली चीर मग दिसत नाही. बरेच जण चेनस्टेला टायरमधली जुनी रबरी ट्यूब गुंडाळतात. मला ते पटत नाही, तिच्याखाली चिखल साचतो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढा, पुसा, पेस्ट लावून बसवा. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर नको. दुरुस्तीच्या स्टँडमध्ये किंवा गाडीच्या रॅकवर सायकल टॉप ट्यूबला चिमटा लावून धरू देऊ नका. स्टँडमध्ये सीटपोस्टला धरा, रॅक चाकांना धरणारा घ्या. सिग्नलला टॉप ट्यूबवर टेकू नका, आणि दांडीवर कोणालाही डबलसीट बसवू नका, अगदी लहान मुलालाही. ती १ मिलिमीटरची भिंत बसण्यासाठी नाही. रेल्वेने न्यायची असेल तर एसीच्या पाइपवरचा काळा फोम सगळ्या नळ्यांना बांधा, चाकं काढा आणि चाक बसतं त्या खाचांच्या मध्ये ठोकळा घाला. वर कोणी पेटी टेकवली तर फोर्क आणि मागची बाजू त्यानेच वाचते.

रविवारी बघायला जाणार म्हणताय, तर फोर्क बाहेर काढल्यावर स्टीअररचे आणि सीट ट्यूबच्या तोंडाचे जवळून फोटो घ्या आणि इथे खाली टाका. पैसे देण्याआधी मी बघून सांगेन.