परवानाधारक, अनुज्ञप्तिधारक आणि 'धारका'चा भाऊ 'दार'

रिक्षा चालवणाऱ्याला 'परवानगीधारक' म्हणावे की 'परवानाधारक', आणि फारसी-संस्कृत संकरामुळे दुसरा शब्द अशुद्ध ठरतो का, असे एका वाचकाने विचारले आहे. परवानगी म्हणजे संमती, ती तोंडीही मिळते. परवाना म्हणजे त्या संमतीचा लेखी दाखला, आणि बाळगता येतो तो दाखलाच. तरीही आमच्या नाक्यावरच्या रिक्षाथांब्याच्या फलकावर 'फक्त परवानगीधारकांसाठी' असे ठळक अक्षरांत रंगवलेले आहे आणि ते रोज वाचताना मला मनस्वी त्रास होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे चालकाला लागते ती अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन्स (कलम ३), तर परवाना, म्हणजे परमिट, लागतो वाहन भाड्याच्या वाहतुकीला लावण्यासाठी (कलम ६६). म्हणून दुसऱ्याची रिक्षा चालवणारा मनुष्य अनुज्ञप्तिधारक असतो, परवानाधारक नव्हे.

संकराचा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. 'परवाना' फारसी आणि 'धारक' संस्कृत, सबब हा जोड विजोड, असे सांगणारे शुद्धिवादी पूर्वपदाचे कूळ तपासून थांबतात, उत्तरपदाकडे पाहतच नाहीत. किल्लेदार, ठेकेदार, हिस्सेदार यांतला 'दार' फारसी 'दाश्तन' म्हणजे बाळगणे या क्रियापदाचा आहे, आणि त्याचा धातू 'धारक' ज्यापासून झाला त्या आपल्या 'धृ'चा (धरणे) सख्खा भाऊ आहे. इराणी भाषांत महाप्राण, म्हणजे 'ध', 'भ' यांतला हकाराचा उच्चार, गळून 'ध'चा 'द' आणि 'भ'चा 'ब' झाला. 'भ्रातृ' आणि 'बिरादर' हीदेखील तशीच जोडी. इराणातल्या बेहिस्तून येथील कड्यावर सम्राट दारियसाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कोरून घेतलेल्या लेखात त्याचे नाव 'दारयवउश' असे येते, म्हणजे 'जे चांगले ते धरून ठेवणारा'. संस्कृतात अक्षरशः उतरवायचे तर 'धारयद्वसु'. ज्या धातूने अडीच हजार वर्षांपूर्वी सम्राटाचे नाव घडवले, तोच आज रिक्षाच्या परवान्याला चिकटला आहे, याचा मला फार आनंद वाटतो. 'धारक' फारसीच्या घरात पाहुणा म्हणून नव्हे, भाऊबंद म्हणूनच शिरला आहे.

भेद आहे तो केवळ घडणीचा. 'दार' लागताना आकारान्त शब्दाचा एकारान्त होतो, जसे ठेका–ठेकेदार. त्या वळणाने 'परवानेदार' हा शब्दही निर्दोष ठरेल. 'धारक' मात्र मूळ रूपालाच जोडावा, म्हणून हल्ली छापून येणारे 'परवानेधारक' चूक आहे. आणि 'अनुज्ञप्तिधारक' लिहिताना 'प्ति' ऱ्हस्वच हवा, कारण तत्सम इकारान्त पूर्वपद समासात ऱ्हस्वान्तच राहते.