मोटरसायकलचे ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलताना कोणत्या चुका टाळाव्यात?

तुम्ही विचारले आहे की, गॅरेजमध्ये न जाता सोसायटीच्या पार्किंगमध्येच पहिल्यांदा ऑइल आणि फिल्टर बदलायचा आहे, तर काय बिघडू शकते. मीही मुंबईतच राहतो आणि माझ्या गाडीचे हे काम स्वतःच करतो. माझ्या मते जुने ऑइल काढताना फारसे काही बिघडत नाही; बिघडते ते काढलेल्या वस्तू परत बसवताना. त्यामुळे घाई करायचीच असेल तर ती पहिल्या अर्ध्या कामात करावी.

खरेदीपूर्वी गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका पाहावी. बहुतेक मोटरसायकलींमध्ये क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती येथे चालत नाहीत, कारण त्यांनी क्लच स्लिप होऊ लागतो. डब्यावर जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण असावी. एमबी ही खूण असलेले ऑइल सामान्यतः गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. ऑइल किती पातळ-दाट हवे, म्हणजे १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०, हे पुस्तिका सांगेल, मुंबईच्या उकाड्यावरून आपण ठरवू नये. फिल्टरचेही तसेच आहे. हिरो स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच, तेथे जाळी आणि सेंट्रिफ्यूगल (गरगर फिरून ऑइलमधला गाळ वेगळा करणारा) फिल्टर साफ करायचा असतो. म्हणून आपल्या गाडीत नेमके काय आहे हे दुकानात जाण्याआधीच पाहून ठेवावे.

इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट निथळते. लांबचा फेरफटका मारून आल्याआल्या मात्र हात घालू नये, कारण उकळते ऑइल आणि तापलेला सायलेन्सर दोन्ही भाजतात. ऑइल सोडण्याआधी वरचे झाकण उघडते की नाही ते पाहावे आणि चावी खिशात ठेवावी, म्हणजे ऑइल नसताना कोणी गाडी चालू करणार नाही. इंजिनखालचा, ऑइल सोडण्याचा नट सोडवताना दिशेचा घोळ हमखास होतो: नटाच्या डोक्याकडे समोरून पाहिले तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण वरून वाकून हात घातला की दिशा उलटी भासते आणि माणूस सगळा जोर लावून तो आवळत बसतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हाच नट परत बसवताना त्याचे आटे घालवणे. नट लोखंडी आणि इंजिनचे आवरण ॲल्युमिनियमचे, त्यामुळे आटे गेले तर ते आवरणाचेच जातात. वायसर नवा घालावा, सुरुवातीचे आटे पाना न लावता बोटांनीच फिरवावेत, आणि बोटांना अडथळा जाणवला तर नट पूर्ण काढून पुन्हा सरळ लावावा. शेवटी टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतील आकड्याइतकेच आवळावे. तो नसल्यास आखूड पाना वापरावा आणि वायसर दबून नट घट्ट बसला की थांबावे. ‘अजून थोडा’ हा मोह येथे नडतो. फिल्टरच्या झाकणाचे बारीक बोल्ट तर याहून नाजूक असतात.

फिल्टर काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा: स्प्रिंग कोणत्या बाजूला होती, छिद्राचे तोंड कुठे होते, ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) किती होत्या. काही फिल्टरवर बाहेरची बाजू छापलेली असते. फिल्टर उलटा बसला तर ऑइलचा प्रवाह अडू शकतो किंवा ते न गाळताच पुढे जाते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर जुन्याचे रबर इंजिनला चिकटून राहिलेले नाही ना हे पाहावे. एकावर एक दोन रबरे आली की ऑइलची धार लागते. नव्या रबराला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा.

ऑइल मोजून ओतावे, पण अखेरचा निर्णय डिपस्टिकचा (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या कांडीचा) किंवा इंजिनवरील काचेच्या खिडकीचा. पुस्तिकेत बऱ्याचदा वेगवेगळी मापे असतात: केवळ ऑइल बदलल्यास, फिल्टरसह बदलल्यास आणि इंजिन उघडल्यास. भलतेच माप धरले की ऑइल जास्त होते, त्याला फेस येतो आणि ते एअर फिल्टरच्या पेटीपर्यंत पोहोचते. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी हवी. होंडाच्या बऱ्याच मॉडेलांत डिपस्टिक फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवून पाहायची असते. झाकण लावल्यावर इंजिन रेस न करता काही मिनिटे चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि पातळी व गळती पुन्हा तपासावी.

पावसाळ्यात एखाद्या सखल रस्त्यावर इंजिनपर्यंत पाणी चढले असेल, तर गाडी चालू करून पाहू नये. निघणारे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

जुने ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते, ते गटारात ओतू नये. रिकाम्या डब्यात भरून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे विचारून सोपवावे. नव्या ऑइलचा डबा फेकायचाच असेल, तर आधी कापून टाकावा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून कोणी विकणार नाही.