पन्हाळ्याच्या रोजच्या चढासाठी दुचाकी निवडताना

कोल्हापूरहून रोज पन्हाळ्याला नोकरीसाठी जायचे असेल, तर केवळ मायलेजचा आकडा पाहून गाडी घेऊ नये. अंतर सुमारे २० किलोमीटरच आहे; परंतु वाघबीळच्या पुढे चढ सुरू झाला, की इंजिनाच्या कमाल शक्तीपेक्षा कमी वेगातही मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, अधिक उपयोगी पडतो. १०० सीसीची गाडी चढत नाही असे नाही. मात्र मागे कोणी बसले, की वळणावर वेग तुटतो आणि वारंवार गिअर उतरवावा लागतो. त्यामुळे १२५ ते १५० सीसीची गिअरची मोटारसायकल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चढापेक्षा उताराचा विचार अधिक करावा. गिअरच्या गाडीत दुसऱ्या गिअरवर उतरताना इंजिनच वेग धरून ठेवते. स्कूटरमध्ये वेग फार कमी झाला, की क्लच सुटतो, हा आधार जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेला ड्रम ब्रेक तापला, की त्याची पकड ढिली पडते. म्हणून पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक हवाच, आणि पावसाळ्यापूर्वी टायरची नक्षी तपासून घ्यावी, कारण गडावर धुके व पाऊस दोन्ही भरपूर असतात.

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची झाल्यास कंपनीने सांगितलेल्या रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतरावर, विसंबू नये. चढावर बॅटरी झपाट्याने उतरते. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावरची ट्रायल निरुपयोगी असते, तेव्हा मागे माणूस बसवून घाटातच ट्रायल मागावी.