जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल: पहिल्या गोळीआधी

वडिलांची .३१५ बोअरची रायफल बारा वर्षं बंदुकीच्या दुकानदाराकडे जमा होती. परवाना आता माझ्या नावावर झाला. थेट चालवता येईल का? (सिंधुदुर्ग)

नाही. आधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची बोट घालून खात्री करा. मग बोल्ट बाहेर काढून नळीत मागच्या बाजूनं, उजेडाकडे पाहा. वाळलेलं ग्रीस, नळी पुसायच्या गजाचा तुटलेला तुकडा, कुंभारमाशीचं मातीचं घर, यांतलं काहीही नळी फोडायला पुरेसं आहे. कोरडी चिंधी आरपार गेली की आत गडद कडं दिसतं का बघा. दिसलं तर तिथं नळी फुगली आहे, ती बादच. गंजाच्या बारीक खड्ड्यांनी बहुधा नेम बिघडतो, पण चेंबरमधल्या खड्ड्यांत पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) अडकते.

कोकणात खरा गंज लाकडाखाली लपतो, कारण पावसाळ्यातला ओलावा तिथंच राहतो. म्हणून पुढचं लाकूड काढून पाहायलाच हवं. ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलीत पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्ता (मागचं लाकूड) जोडणारा लांब बोल्ट फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. फिरवलं की लाकूड चिरतं.

शेवटी, रिकामी रायफल कॉक करून दस्ता रबरी चटईवर आपटा. स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी सुई) सुटला तर चाप आणि सिअर (सुईला अडवून धरणारा खटका) झिजले आहेत.

कॅनडात लाँग ब्रँच कारखान्याची नंबर ४ (.३०३ ची ली-एनफिल्ड) घेतली. बोल्टवरचा क्रमांक जुळत नाही. (टोरांटो)

मग हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस पुढं टेकतं ती जागा यांतलं अंतर) मोजल्याशिवाय गोळी नको. .३०३ मध्ये तो काडतुसाच्या काठावर ठरतो: किमान ०.०६४ इंच, आणि लष्करी कमाल ०.०७४ इंच. ०.०७४ इंचाच्या गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट हलक्या हातानं पूर्ण बंद झाला तर रायफल नापास. नंबर ४ ला ० ते ३ अशा चढत्या लांबीच्या बोल्टहेड (बोल्टची पुढची टोकं) मिळतात, पण त्या बदलून गेज साधला म्हणजे काम झालं असं नाही. बोल्टची दोन्ही लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे) सारखी टेकतात का, हे गनस्मिथकडून तपासा. एकाच लगवर भार आला की बोल्ट पिळवटतो. आणि अंगावर 'डीपी' शिक्का असेल तर ती फक्त कवायतीची रायफल. चर्चा तिथंच संपली.

माझी इशापूर कारखान्याची २ए१ म्हणजे .३०३ ची नळी बदललेली रायफल का? (टेक्सास)

हा जुना गैरसमज आहे. ती १९६० च्या दशकात ७.६२ नाटो काडतुसासाठीच, अधिक मजबूत पोलादात नव्यानं बनली. चौकोनी मॅगझिन आणि ८०० मीटरपर्यंतची साइट ही तिची ओळख. बाजारातली जास्त दाबाची .३०८ काडतुसं मात्र तिला घालू नयेत.

पहिली गोळी कशी झाडावी?

परवानगी असलेल्या रेंजवर, रायफल भक्कम बांधून, चापाला लांब दोरी लावून, आडोशामागून. एकच ताजं कारखान्याचं काडतूस वापरा. पुंगळी बाहेर आली की काठापासून साधारण सेंटीमीटरभर वर चमकदार कडं आहे का पाहा, आणि आतून वाकडी तार फिरवून खाच लागते का बघा. लागली तर पुढच्या वेळी पुंगळी तिथंच तुटेल. कॅप (पुंगळीच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) बाहेर सरकलेली किंवा फाटलेली असेल तरी थांबा. ली-एनफिल्डची पुंगळी खांद्याशी थोडी फुगलेली दिसते. तिचं चेंबर मुळातच सैल असतं, त्याची धास्ती नको.