अयुथयाची बोट चुकली, पैसे कुणाचे?

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरमध्ये पत्नी आणि ७६ वर्षांच्या आईला घेऊन मुंबईच्या एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर थायलंडला गेलो. तिघांचे मिळून २,३४,००० रुपये भरले. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी ‘बसने अयुथया, प्राचीन बौद्ध मंदिरांचे अवशेष स्थानिक गाइडसह, परतीचा प्रवास चाओ फ्राया नदीतून क्रूझने, जेवण बोटीवर’ असं छापलं होतं. आम्ही बौद्ध. झाडाच्या मुळांत गुंतलेलं बुद्धाचं मस्तक बघायला मिळेल, एवढ्यासाठी आई सहलीला तयार झाली होती. प्रत्यक्षात सकाळचे दोन तास रत्नांच्या शोरूममध्ये गेले, एकच मंदिर ४० मिनिटांत उरकलं, गाइड आलाच नाही आणि ‘नदीला पाणी वाढलंय’ म्हणून बसनेच परत आणलं. त्याच संध्याकाळी टूर मॅनेजरने ग्रुपवर लिहिलं, ‘बोटीचं बुकिंग ऑफिसकडून राहिलं, सॉरी.’ कंपनी मात्र अट क्र. १४ (नैसर्गिक कारणाने बदल) दाखवते आणि तिघांत मिळून ३,००० रुपयांची क्रेडिट नोट देते. शिवाय विमानतळाच्या वाटेवर बसमध्ये भरून घेतलेल्या फॉर्मवर मी सगळीकडे ‘उत्तम’ लिहून सही केली आहे. आईने घेतलेली वीतभर बुद्धमूर्तीही बँकॉक विमानतळावर अडवली. दाद मागता येईल का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल. पण नदीला पाणी होतं की नव्हतं, या वादात पहिल्यांदा शिरू नका. तिथे कंपनीची बाजू तुम्हाला वाटते तेवढी लंगडी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाओ फ्राया फुगते. २०११च्या पुरात तर अयुथयाची मंदिरंच पाण्यात उभी होती. ग्राहक आयोगासमोर ‘पाणी वाढलं’ हे वाक्य कुणी हसण्यावारी नेणार नाही.

म्हणून प्रश्न असा मांडा : बोट गेली नाही, मग बोटीचे पैसे कुठे गेले? नदी खरोखर आडवी आली असेल, तर बोट रद्द करण्यात कंपनीचा दोष नसेल. पण न दिलेल्या सेवेचे पैसे स्वतःकडे ठेवायचा हक्क त्यातून मिळत नाही. अट क्र. १४ कार्यक्रम बदलण्याची मुभा देते. परतावा बुडवण्याची देते का, हे ती अट शब्दशः वाचून बघा. बहुतेक छापील अटी तिथे गप्प असतात. आणि पाणी वाढल्यामुळे बोट रद्द झाली, हे दाखवायची जबाबदारी तुमची नाही, कंपनीची आहे. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत बोटवाल्याकडून आलेलं रद्द झाल्याचं पत्र आणि मूळ बुकिंगचं व्हाउचर मागा. व्हाउचरच नसेल, तर टूर मॅनेजरचं ‘राहिलं, सॉरी’ खरं ठरतं आणि मग साधा परतावा मागे पडून सेवेतली उघड त्रुटी सिद्ध होते.

तो मेसेज म्हणजे तुमचं हुकमी पान. त्याचा नुसता स्क्रीनशॉट काढून निर्धास्त होऊ नका. ग्रुपचं संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावत नाहीत, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल. ग्रुपमधल्या आणखी दोघांची प्रतिज्ञापत्रं मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आता तो ‘उत्तम’वाला फॉर्म. तुम्हाला त्याचीच जास्त धास्ती दिसते. माझ्याकडे अशा फॉर्मच्या प्रती येतात, सगळ्या एकाच साच्यातल्या : हॉटेल कसं, जेवण कसं, बस कशी, टूर मॅनेजरचं वागणं कसं. सामान लादलंय, विमानाची वेळ झालीय, मॅनेजर शेजारी पेन धरून उभा आहे, तिथे कोण ‘वाईट’ लिहितो? फॉर्मची प्रत मागवून घ्या आणि एकच गोष्ट तपासा : बोटीबद्दल त्यात रकाना होता का? नसेल, तर तुमच्या ‘उत्तम’चा बोटीशी संबंध नाही. असला, तरी हक्क सोडल्याचं सहीचं पत्र ते होत नाही. चौथ्या दिवशीच तुम्ही ग्रुपवर तक्रार केली असेल, तर ती या फॉर्मच्या आधीची, हे तारीख-वेळेसह मांडा.

गाइडचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय. तो मात्र वजनदार आहे. थायलंडमध्ये पर्यटक गाइडला परवाना लागतो आणि हा व्यवसाय थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. तुमचा मॅनेजर मोबाइलवर वाचून माहिती देत होता आणि हे अवशेष ‘अशोकाच्या काळातले’ म्हणाला, असं तुम्ही सोबतच्या पत्रात कळवलंय. अयुथया १३५० साली वसलं, १७६७मध्ये बर्मी फौजेने ते उद्ध्वस्त केलं. सम्राट अशोक त्याआधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ होऊन गेला. छापील पत्रिकेतल्या ‘स्थानिक गाइडसह’ या दोन शब्दांचे पैसे तुम्ही भरलेत, तेव्हा ही स्वतंत्र त्रुटी म्हणून लिहा. ते मस्तक वाट महाथातमध्ये आहे. पत्रिकेत या मंदिराचं नाव छापलं असेल तर तेही चुकलेलं स्थळ म्हणून मांडा. नाव नसेल तर जोर देऊ नका. शोरूमचे दोन तास मात्र लिहाच, कारण मंदिरांचा वेळ तिथेच खर्ची पडला.

मागायचं किती? सगळे २,३४,००० मागू नका. पाच दिवसांपैकी चार तुम्ही उपभोगलेत, आयोगाला तो हव्यास वाटेल. याच कंपनीच्या दरपत्रकात अयुथया-क्रूझची सहल वेगळी माणशी ६,५०० रुपयांना विकतात, असंही तुम्ही त्या पत्रात लिहिलंय. त्या पानाची प्रत आजच काढून ठेवा, दर बदलायला वेळ लागत नाही. तिघांचे १९,५०० रुपये, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढी मागणी टिकते. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले तरी तुमच्या संमतीने सेवा घेणारी आईसुद्धा कायद्याने ग्राहकच आहे. तक्रारदारांत त्यांचं नाव घाला. त्या सहलीला कशासाठी आल्या होत्या, हे त्यांच्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. मनस्ताप म्हणजे काय, हे तुमच्या-माझ्या परिच्छेदांपेक्षा त्यातून लवकर कळेल.

क्रेडिट नोट वापरू नका. ‘मान्य नाही’ असं ईमेलने कळवा, नाहीतर उद्या ‘प्रकरण मिटलं’ म्हणतील. मग १५ दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. नोटीस सक्तीची नाही, पण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, असा माझा अनुभव.

नाही मिटलं तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. पावतीमागे ‘फक्त मुंबई न्यायालयांच्या अधिकारकक्षेत’ असं छापलेलं असेल, त्याने बिचकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चं कलम ३४ तुम्ही राहता तिथे तक्रार करू देतं. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एक बारकावा : ‘अट क्र. १४ अन्यायकारक म्हणून रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. करार अन्यायकारक ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगापासून वर आहे. ‘ही अट इथे लागूच होत नाही’ एवढंच म्हणा.

राहिली मूर्ती. ती तक्रारीत आणू नका. बुद्धमूर्ती थायलंडबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, मूर्ती नवी असली तरी. टूर मॅनेजर ‘काही होत नाही’ म्हणाला असेल, पण ते तोंडी. समोरचा वकील त्यावरच बोलत राहील आणि बोट बाजूला पडेल. आईंना मात्र सांगा, की मूर्ती अडवली ती तिथल्या नियमाने, त्यांच्या हातून काही वावगं घडलं म्हणून नव्हे.